डाळिंब गोल नसतं

डाळिंब गोल नसतं. घरात असेल तर आत्ता हातात घेऊन बघा. मुकुटाच्या बाजूनं डोळ्यासमोर धरलं की त्याला बाजू दिसतात, पाच म्हणा सहा म्हणा, प्रत्येक फळाचं वेगळं, आणि दोन बाजू जिथं मिळतात तिथं एक बोथट धार असते. भगव्या जातीच्या फळात तर ती चांगलीच कळते कारण साल चकचकीत असते आणि उजेड एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जाताना तिथं तुटतो. मी सोलापुरात जन्मले, इथंच वाढले, डाळिंबाचे क्रेटच्या क्रेट बघितलेत, पण हे दिसलं ते रंगवायला घेतल्यावर. खाताना कोण बघतंय बाजू.

एवढं ताणून सांगतेय त्याला कारण आहे. मोठ्या ब्रशनं, फटकारे दिसतील असं फळ रंगवायचं म्हटलं की अगदी गोल वस्तू सगळ्यात त्रासाची, कारण गोलाला थांबायची जागाच नसते, उजेड हळूहळू सावलीत जातो आणि मग आपलाही हात हळूहळू घोटत बसतो. बाजू असल्या की काम सोपं, ह्या बाजूला एक फटकारा, शेजारच्या बाजूला थोडा गडद दुसरा, खालच्या बाजूला तिसरा, आणि मध्ये जी धार आहे ती काढायचीच नाही, दोन फटकारे शेजारी आले की ती आपोआप तयार होते. म्हणून नवीन कुणी शिकत असेल तर मी सांगते की संत्र्यानं सुरुवात करू नका, डाळिंबानं करा, नाहीतर पेरूनं. सोलापूरकरांना तर डाळिंब शोधत हिंडायचीही गरज नाही, आपल्या डाळिंबाला 2016 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय आणि देशाचं डाळिंब संशोधन केंद्रसुद्धा इथंच केगावला आहे.

आता महाराष्ट्रात ज्यांनी चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलीय त्यांना स्थिरचित्राचा पेपर आठवत असेल. स्टुलावर तांब्या नाहीतर किटली, एखाददुसरं फळ, भाजी, मागं सुरकुत्या पाडून टाकलेलं कापड, आणि आपली जागा नेमकी अशी की फळ तांब्यामागं अर्धं गडप. तिथं चांगलं चित्र म्हणजे काय हे सगळ्यांना पाठ असतं, शेडिंग इतकं मऊ पाहिजे की ब्रश फिरल्याची खूण दिसता कामा नये. मी त्याला नावं ठेवत नाही हं, ती शिस्त लागतेच, उजेड कुठून येतो आणि सावली कुठं पडते हे ज्याला कळत नाही त्यानं फटकारे मारून काय होणार, नुसता चिखल. माझी मुलगी आता नववीत आहे, तिची इंटरमिजिएटची तयारी चालू आहे, त्यामुळं सध्या आमच्या जुळे सोलापूरच्या घरात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना दोन पंथ बसलेले असतात. ती पलीकडं बारीक ब्रशनं वांगं चोपडं करत असते आणि मी अलीकडं एक इंची ब्रश घेऊन. मधूनच उठून माझ्या मागं येऊन उभी राहते आणि विचारते, आई, तुझं हे अजून पूर्ण नाही ना?

पूर्ण झालेलं असतं.

ह्या प्रकाराबद्दल लोकांचा एक पक्का समज असतो की हे भराभर मारायचं काम, मूड आला, ब्रश उचलला, धडाधड. एक्स्प्रेसिव्ह म्हणजे मनाला येईल तसं. माझ्या मते हे बरोबर उलटं आहे. घोटून काढायच्या चित्रात विचार न करता तासभर हात चालवता येतो, चुकलं तर परत घोटा. इथं फटकारा जसा पडला तसा राहणार आहे, म्हणून तो मारायच्या आधी तीन गोष्टी ठरलेल्या लागतात, रंग कोणता, तो किती उजळ किंवा गडद, आणि ब्रश कुठून कुठं जाणार. सगळा वेळ बघण्यात आणि पॅलेटवर रंग कालवण्यात जातो. प्रत्यक्ष कॅनव्हासला ब्रश लागलेला असतो तो वेळ फार थोडा. आणि लागल्यावर उचलायचा आणि हात मागं घ्यायचा, बास. परत त्याच जागी जायचा मोह होतो, जरा इथं नीट करू, जरा तिकडं, आणि तिसऱ्यांदा गेलात की ताजे रंग एकमेकात मिसळून सारखे हलवलेल्या पोह्यासारखा लगदा होतो, ना लाल लाल राहत ना पिवळा पिवळा.

ह्यावर एक जुना आणि चांगला सराव आहे, एक फळ वीस फटकाऱ्यांत संपवायचं. मोजून. करून बघा, पहिले दहा कुठं गेले तेच कळत नाही आणि शेवटच्या चारपाचांसाठी माणूस अक्षरशः रेशनच्या रांगेतला होतो.

पॉल सेझानचं उदाहरण मला ह्यासाठी आवडतं. फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्स गावचा हा माणूस, 1839 ते 1906, सफरचंदं रंगवून जगाच्या चित्रकलेची दिशा बदलली असं त्याच्याबद्दल म्हणतात. त्याच्या चित्रातली फळं बघितली की वाटतं काय बिनधास्त ब्रश चालवलाय, एकेक ठिगळ वेगळं दिसतंय. आणि त्याला फळं मांडताना ज्यानं प्रत्यक्ष बघितलं त्या तरुण चित्रकारानं लिहून ठेवलंय की तो फळाखाली नाणी सरकवून त्याचा कल ठरवायचा, एक नाणं, दोन नाणी, फळ जरा इकडं झुकलं पाहिजे, जरा तिकडं. रंगवायला इतका वेळ लावायचा की फळं सडून जायची. हा बिनधास्तपणा नाही हो, हा चिकटपणा आहे.

नाण्यांची आयडिया मी उचलली आहे. डाळिंब तसं मुकुटामुळं एका बाजूला कलंडतंच, पण मुकुट आपल्याकडं तोंड करून बसला की भोंगा दिसतो आणि पूर्ण पलीकडं गेला की फळाची ओळखच जाते, त्यामुळं पाचची दोन नाणी खाली घालून तो तिरका, पाऊण असा ठेवायचा. सासूबाई आधी म्हणायच्या पैसे कशाला ठेवलेस फळाखाली, पूजा मांडलीस का काय. आता काही म्हणत नाहीत, फक्त चित्र संपलं का एवढं विचारतात कारण फळं त्यांच्या चतुर्थीच्या हिशोबात धरलेली असतात.

आपल्याकडचं नाव घ्यायचं तर के. एच. आरा. कृष्णाजी हौळाजी आरा, जन्म 1914, सिकंदराबादजवळच्या बोलारमचे, म्हणजे आपल्या सोलापूरवरून हैदराबाद गाडीनं गेलं की तिकडचेच. लहानपणी घरातून निघून मुंबईला आले, लोकांच्या घरी काम केलं, गाड्या धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले. आणि चित्रं काढत राहिले. टाइम्स ऑफ इंडियाचे कलासमीक्षक रुडी फॉन लायडेन यांनी त्यांचं काम ओळखलं आणि पाठीशी उभे राहिले, पुढं 1947 च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्याबरोबर आरा होते. त्या ग्रुपमध्ये बाकी लोक मोठमोठे विषय घेत असताना आरांनी फुलदाण्या आणि फळं ह्यांचा नाद सोडला नाही. मला त्यांच्या कामातली सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट अशी की सुरुवातीला ते जलरंग आणि गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, वापरायचे, पण इतका जाड आणि जोरकस की बघणाऱ्याला तैलरंगाचा थर वाटावा. स्वस्त सामान, साधी मांडणी, आणि त्यातून काढलेला दम. महागडे ट्यूब नाहीत म्हणून थांबलेल्या लोकांनी आरांची स्थिरचित्रं नक्की बघावीत.

एम. एफ. हुसेन तर आपल्या जिल्ह्याचेच, पंढरपुरात 1915 साली जन्मले. मुंबईत त्यांनी सिनेमाचे बोर्ड रंगवले हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या लहानपणी सोलापुरात टॉकीजवरचे बोर्ड हातानंच रंगवलेले असायचे, फ्लेक्स नंतर आला. शाळेतून येताना बोर्ड खाली उतरवून ठेवलेला असला की आम्ही थांबून बघायचो, जवळून नाकाच्या जागी एक जांभळा पट्टा, गालावर हिरवट डाग, काही कळायचं नाही, आणि रस्ता ओलांडून मागं बघितलं की अमिताभ. फटकाऱ्याचं गणित तिथंच आहे सगळं. तो दुरून बघण्यासाठी मारलेला असतो, आणि म्हणून रंगवतानाही दर थोड्या वेळानं उठून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघायला लागतं. बसून, नाक लावून हे काम होत नाही. माझ्याकडं ईझल, म्हणजे कॅनव्हासचा स्टँड, खिडकीजवळ आहे आणि मागं सरकत सरकत मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाते, एकदोनदा सासूबाईंच्या हातातल्या ताटाला धडकून झालंय.

खिडकीवरून आठवलं. चित्रकलेच्या प्रत्येक पुस्तकात आणि व्हिडिओत सांगतात की उत्तरेची खिडकी घ्या, तिथून थेट ऊन येत नाही, दिवसभर उजेड सारखा राहतो. हे युरोपात बहुतेक वेळ ठीक आहे. सोलापूर साधारण साडेसतरा अक्षांशावर, त्यामुळं मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस पेपरात येतोच दरवर्षी, आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळ तर मार्च संपल्यापासूनच तो उत्तरेकडं सरकून उगवतो आणि मावळतो. म्हणजे आपली उत्तरेची खिडकी उन्हाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी चक्क ऊन आत घेते. मांडणी करून बसावं आणि अर्ध्या तासात टेबलावर उन्हाची तिरीप, डाळिंबाची सावली फिरली, सगळा हिशोब उलटला. मी त्यावर उपाय म्हणून खिडकीला जुनी पांढरी चादर लावते, उजेड पसरून येतो, तिरीप येत नाही. हिवाळ्यात मात्र उत्तरेची खिडकी पुस्तकात लिहिल्यासारखी वागते. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसात, म्हणजे जानेवारीत, ह्या खोलीतला उजेड इतका शांत असतो की वाटतं सुट्टी काढून नुसतं रंगवत बसावं.

रंगाचं म्हणाल तर मी अ‍ॅक्रिलिक वापरते. तैलरंगाची मजा वेगळीच, पण अळशीच्या तेलातला रंग हा उडून वाळत नाही, तो हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतो, जाड थर असेल तर आठवडेच्या आठवडे लागतात, आणि दोन खोल्यांत माणसं वावरत असताना ओला कॅनव्हास ठेवायचा कुठं. वर टर्पेंटाइनचा वास. अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी उडून गेलं की झालं काम. अडचण एकच, सोलापुरात बेचाळीस डिग्री असताना पाणी उडायला वेळ किती लागणार! वरून पंखा. पॅलेटवर रंग काढून फळाकडं बघेपर्यंत त्यावर साय धरते आणि एकदा वाळलेला अ‍ॅक्रिलिक पाण्यानं परत सुटत नाही, खरवडून टाकायचा. जो प्रकार मुळात आधी नीट बघा, सावकाश कालवा आणि मग मारा असा आहे त्यात रंगच थांबायला तयार नसेल तर काय करणार.

ह्याला विकतचे ओले पॅलेट मिळतात, पण सोलापुरात राहून ते कशाला विकत घ्यायचं. पसरट स्टीलचा डबा घ्या, त्यात टर्किश टॉवेलचा तुकडा दुमडून बसवा, इथं कारखान्यातले सेकंडचे टॉवेल किलोवर मिळतात, तो पाण्यानं चिंब करा, जादाचं पाणी ओतून टाका, आणि वर बटर पेपर अंथरा. बटर पेपरवर रंग काढायचा. खालून ओल झिरपत राहते, रंग दिवसभर मऊ. रात्री झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवशीही चालतो, फक्त घरच्यांना सांगून ठेवा की त्या डब्यात शिकरण नाही.

अ‍ॅक्रिलिकची अजून एक खोड आहे जी कुणी आधी सांगत नाही, ओला असताना तो जरा उजळ दिसतो आणि वाळला की गडद होतो, कारण त्यातला चिकट द्रव ओला असताना दुधट असतो, वाळून पारदर्शक होतो. शिवाय थर बसतो, उंच उंच मारलेला फटकारा पाणी गेल्यावर खाली येतो. उंची टिकवायची असेल तर हेवी जेल मिसळा, नाहीतर मॉडेलिंग पेस्ट. माझं मत विचाराल तर सगळ्या चित्रभर जाड रंग नकोच, सावलीत पातळ ठेवा आणि उजेड पडलेल्या दोन-तीन बाजूंवर घसघशीत थापा, मग तो थर खरोखरचा उजेड पकडतो, खिडकीतला. सगळीकडं सारखाच जाड असला की भिंतीला गिलावा केल्यासारखं दिसतं.

ब्रशसाठी डुकराच्या केसांचा चपटा, कडक ब्रश घ्यायचा. ते महाग वाटत असेल तर हार्डवेअरच्या दुकानातला ऑइल पेंटचा एक इंची ब्रश घ्या, दोन-चार केस गळतात, गळू देत.

आता फळं. मी लक्ष्मी मंडईतून आणते आणि मला डागी फळं लागतात. आमची नेहमीची फळवाली पहिल्यापहिल्यांदा वैतागायची. "चांगलं सोडून खराब कशाला बघूलालाव ताई? ज्यूसला पायजे का?" म्हटलं चित्र काढायचंय. त्यावर तिनं शेजारणीला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. आता मात्र स्वतःहून बाजूला काढून ठेवते, "तुमचं चित्राचं माल हाय बघा" म्हणते, आणि पैसे कमी घेत नाही ही गोष्ट वेगळी.

डागी फळच का, तर गुळगुळीत लालभडक फळात ब्रशला काही धरायलाच मिळत नाही. एका बाजूला उन्हानं करपलेला तपकिरी पट्टा, देठाजवळ पिवळटपणा, कुठं चीर, अशी फळं असली की प्रत्येक फटकाऱ्याला वेगळा रंग मिळतो. जुनी गणेश जात आता कमी दिसते, तिची साल पिवळसर आणि त्यावर गुलाबी झाक, ती रंगवायला भगव्यापेक्षाही चांगली. एखादं मिळालं तर मी सोडत नाही.

एकदा मी तेल्या रोग पडलेलं डाळिंब रंगवलं. तेलकट काळे डाग आणि त्यातून फुटलेली चांदणीसारखी चीर, आतली लाली किंचित दिसतेय. रंग म्हणून बघितलं तर काय सांगू, काळपट जांभळा, गंजासारखा तपकिरी, आणि मध्येच तो लाल. मला ते चित्र फार आवडलं होतं आणि मी हॉलमध्ये लावलं. मग सांगोल्याहून मामा आले. त्यांची डाळिंबाची बाग होती. होती असं म्हणतेय कारण त्या भागात तेल्या, मर आणि नंतर खोडाला बारीक भोकं पाडणारी ती कीड, ह्या तिन्हींनी मिळून कितीतरी बागा उपटायला लावल्या, त्यात मामांचीही गेली. चहा पिता पिता त्यांची नजर भिंतीकडं गेली. बराच वेळ बघत होते. मला वाटलं आवडलं.

"आगं, तेल्या काढलास व्हय?"

म्हटलं हो मामा.

"लांबनं वळखू आला बघ. ही चिर अशीच पडती." मग जरा थांबून, "पर घरात कशाला टांगलास गं. ढगाळ हवा आन् पाऊस लागला का ह्योच. फवारून फवारून हात गेलं आमचं."

त्यांनी सांगितलं ते खरंच, हा जिवाणूचा रोग आहे, दमट ढगाळ हवेत आणि पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर पसरतो, एका झाडावरून दुसऱ्यावर. मी ते चित्र तिथून काढलं, आतल्या खोलीत लावलं. अजून आहे. विकायचं नाही असं ठरवलंय आणि कुणी विचारलं तर मामांची गोष्ट सांगते. एक मात्र आहे, त्या चित्राला पावती दिली ती त्या रोगाला सगळ्यात जवळून ओळखणाऱ्या माणसानं, आणि ती चीर मी एकाच फटकाऱ्यात मारली होती, ब्रशची कड वापरून. घोटली असती तर मामांना लांबून ओळखू आली नसती.

लाल रंगाबद्दल थोडं. डाळिंब लाल म्हणून लाल ट्यूब पिळून लावला की ते प्लॅस्टिकचं होतं. माझ्याकडं दोन लाल असतात, एक कॅडमियम, तो शेंदरीकडं झुकतो, आणि एक अ‍ॅलिझरिन क्रिमझन, तो जांभळ्याकडं. उजेडातल्या बाजूंना पहिला आणि त्यात चिमूटभर यलो ऑकर, सावलीकडं जाताना दुसरा. सावलीत काळा घालायचा नाही, काळ्यानं लाल मरतो, थोडा हिरवा नाहीतर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कालवून घाला, गडद होतो पण जिवंत राहतो. खालच्या कडेला टेबलावरच्या कापडाचा उजेड उलटा पडलेला असतो, तो बघा, पांढरं कापड असेल तर तिथं एक फिकट थंड पट्टी दिसते, तो एक फटकारा नसेल तर फळ टेबलावर बसत नाही, तरंगतं. आणि चमक, ती शेवटी, एकदाच. खिडकीचा उजेड आभाळाचा असल्यामुळं ती शुद्ध पांढरी नसते, निळसर असते. रंग बरोबर कालवलाय का हे कळत नसेल तर डोळे बारीक करून बघा, नाहीतर मोबाइलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा, उजेड-अंधाराचं गणित तिथं लगेच उघडं पडतं. उजेड-अंधार बरोबर असेल तर रंग कितीही मनाचे घाला, सावलीत सरळ निळा मारा, फळ फळच दिसतं.

फोडलेलं डाळिंब हा सगळ्यांचा आवडता आणि सगळ्यांची विकेट काढणारा विषय. दाणे मोजत बसायचं नाही. आधी ते फिकट पिवळे पडदे रंगवा, त्यांनी फळाचे कप्पे पाडलेले असतात, मग प्रत्येक कप्प्यात एक गडद लाल थर आणि त्यावर कुठंतरी चार-पाच दाणे पूर्ण, त्यांची चमक, बाकीचे डोळा स्वतः मोजून घेतो. शिवाय घाई करावी लागते, पंख्याखाली दाणे सुकतात, कापलेली बाजू तपकिरी पडते आणि चिलटं येतात. फोडलेल्या फळाचं काम आधी उरका, अख्खी फळं थांबतात.

मागं सोलापुरी चादर टाकायचा मोह आवरा. मला माहितीय, गाव सोलापूर, डाळिंब सोलापूरचं, चादर तर पाहिजेच, पण जकार्डची ती नक्षी इतकी ठसठशीत असते की फळांशी भांडायला उठते. टाकायचीच असेल तर नक्षी काढू नका, तिच्यातले दोनच रंग घ्या आणि मोठमोठ्या पट्ट्यांत मारा. बॅकग्राउंडलाही फटकाऱ्याची दिशा असते हे लोक विसरतात. व्हॅन गॉगनं 1887 मध्ये पॅरिसला असताना बिही (सफरचंद-नासपतीच्या कुळातलं पिवळं फळ), लिंबं, नासपती आणि द्राक्षं असं एक चित्र केलंय, जवळजवळ सगळं पिवळ्यात, फ्रेमसुद्धा त्यानं स्वतःच पिवळी रंगवली. त्यात कापडाचे फटकारे फळांभोवती वाहिल्यासारखे जातात आणि सगळं टेबल हलतंय असं वाटतं. ते बघितल्यापासून मी मागची भिंत सपाट रंगवणं सोडून दिलंय. आमच्या पोरीनं मात्र बजावून सांगितलंय, परीक्षेच्या पेपरातल्या माझ्या बॅकग्राउंडबद्दल काही बोलायचं नाही. बरोबर आहे तिचं. ग्रेड तिची जाणार आहे.

आता सीताफळं येतील बार्शीकडची. त्याचा एकेक डोळा म्हणजे एकेक फटकारा, वर हिरवट, खाचेत गुलाबी-काळपट, नुसता विचार करूनच हात शिवशिवतो. फक्त तो भलताच अधीर जीव, कडक आणलं की दोन दिवसात पिकून उकलतं, म्हणून फळवालीला सांगून ठेवलंय की अगदी टणक दे आणि कागदात गुंडाळू नकोस. सासूबाई म्हणतात, पिकलं की आधी मला, मग तुझं चित्र. ह्यावर अजून वाटाघाटी चालू आहेत.